डाव्या सायलेन्सरमधली खुळखुळ

आमच्या वडिलांचं नाव जुन्या मोटारींच्या इतिहासात लेखी नोंदलेलं आहे. त्या नोंदीखाली तीन परीक्षकांच्या सह्या आहेत आणि ती आता कुणालाही नाकारता येणार नाही. हे मी लग्नात, बारशात आणि एकदा दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना शेजारच्या अनोळखी बाईलाही ऐकवलेलं आहे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो आणि तो लगेच विषय बदलतो. कागद अजून माझ्याकडे आहे. वरचा काठ जरा वाकडा कापलेला आहे, तेवढं सोडलं तर उत्तम स्थितीत आहे. पुढे माझं सगळं आयुष्य ग्रंथालयाच्या नोकरीत गेलं, आणि जुने कागद कसे जपतात हे मला चांगलं कळतं.

आमचं दुकान टोकावड्याला, मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हींच्या मधे एक लांबट पडवी. या पडवीत दोन भट्ट्या शेजारीशेजारी होत्या. एक बाबांची, लोखंड लाल करायची. दुसरी आईची, चणे भाजायची. बाबा सायलेन्सर करायचे. टेम्पो, ट्रक, जीप, ट्रॅक्टर, जे काही त्या रस्त्याने खोकत यायचं त्याचा खोकला बरा करणं हा त्यांचा धंदा. आई फुटाणे आणि खारे शेंगदाणे भाजून एसटीच्या थांब्यावर विकायची. माळशेजला धबधबे बघायला निघालेली मुंबईची मंडळी घाटाच्या आधी आमच्याकडे थांबत, फुटाणे घेत आणि ‘किती शुद्ध हवा आहे’ असं दोन भट्ट्यांच्या धुरात उभं राहून म्हणत. तो धूर कौलांतल्या एकाच फटीतून बाहेर पडायचा, त्यामुळे आमच्या तांदळाच्या भाकरीला थोडा लोखंडाचा आणि थोडा फुटाण्यांचा वास असे. लग्न होऊन कल्याणला आल्यावर पहिले कित्येक महिने मला भाकरी बेचव का लागते ते कळत नव्हतं.

जेवताना बाबांचा एक कान रस्त्याला असायचा. गाडी दिसायच्या आधी ते सांगत, “हा सरळगावचा दूधवाला. एक सिलिंडर काम करत नाय त्याचं.” आई म्हणायची, “त्याचं सिलिंडर राहू द्या, तुमचं कालवण निवलं.” बाबा मान डोलवत आणि अंबाडीच्या भाजीत भाकरी बुडवता बुडवता पुढची गाडी ऐकत. ते चौथीपर्यंत शिकले होते. कानाचं शिक्षण मात्र त्यांनी जन्मभर चालू ठेवलं.

त्यांच्या सायलेन्सरला एक खूण होती. डब्याच्या पोटाला, अगदी तळाशी, ते एक बोल्ट बसवायचे. आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्यांवरच्या ठेंगण्या फरशी-पुलांवरून पाणी जातं आणि टेम्पोवाले त्याच्यासाठी थांबत नाहीत. पाणी मागच्या नळीतून डब्यात शिरतं आणि डबा आतून कुजतो. बाबांचा बोल्ट काढला की पाणी, काजळी, चिखल, सगळं खाली. ही युक्ती त्यांनी कुणाकडून घेतली नव्हती, आणि आसपास दुसरा कोणी ती करत नव्हता, कारण डबा कुजला की गिऱ्हाईक परत येतं हा हिशेब बाकीच्यांना कळलेला होता. बाबांना तो कधीच कळला नाही.

गणपती होऊन गेले होते आणि पाऊस अजून टिकून होता, तेव्हा फार्महाउसवाले साहेब आले. सिद्धगडाच्या बाजूला त्यांनी जमीन घेतली होती, तिच्यावर पांढरा बंगला बांधला होता आणि बंगल्याच्या फाटकावर दोन सिमेंटचे सिंह बसवले होते. त्यांचं नाव मी इथे देत नाही. त्यांची मुलं चांगली निघाली. गाडी त्यांनी ट्रकवर घालून, ताडपत्रीखाली झाकून आणली होती. ताडपत्री निघाली आणि नाक्यावरची सगळी माणसं आमच्या दारात आली. हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची इंग्रजी गाडी, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, वयाने बाबांपेक्षा थोडी मोठी.

“स्पोर्ट्स कार आहे,” साहेब जमलेल्यांना म्हणाले.

आमच्या शेजारी पांडू राहायचा. त्याचा टेम्पो होता आणि तोंडाला फाटक नव्हतं. “कंचा खेळ खेळते?” त्याने विचारलं.

साहेबांना काय हवं होतं ते त्यांनी बाबांना समजावून दिलं. इंजिनातून धूर बाहेर पडायची दोन तोंडं होती. त्यांच्या गाडीत ती दोन्ही एकाच नळीत येऊन मिळत आणि मागे एकच नळकांडं दिसे. त्यांना दोन हवी होती: दोन नळ्या, दोन डबे, मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक. का हवी होती ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. मुंबईतल्या एका गॅरेजने सहा महिने गाडी ठेवून घेतली होती, पण माणसं बसली की नळी मागच्या चाकांच्या दांड्यावर, म्हणजे ॲक्सलवर, आपटायची, म्हणून शेवटी हात टेकले होते.

बाबा गाडीखाली सरपटत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. “रिकामी मापली त्यांनी,” ते म्हणाले. “गाडी भरून मापायची असते. साहेब, वजन किती तुमचं?”

“त्याचा काय संबंध?”

“आणि बाईसाहेबांचं?”

बाबांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आतल्या बाजूला हाक दिली, “सुमे, भाताची पोती काढ गो. दीड यांचं. बाईसाहेबांचं एक धर, पण काठोकाठ भर.” टेम्पो आणि ट्रक मापताना आमच्याकडे हीच रीत होती, कारण आमच्या रस्त्यावर रिकामी गाडी कोणी चालवतच नव्हतं. मी आणि पांडूने पोती सीटवर चढवली. गाडी चार बोटं खाली बसली आणि साहेब आपल्या जागी स्टिअरिंगमागे बसलेल्या दीड पोत्याकडे जरा नाराजीने बघत राहिले. मग बाबांनी पातळ सळी वाकवत वाकवत इंजिनापासून मागच्या टोकापर्यंतचा रस्ता आखला, ॲक्सलवरून चढून, पेट्रोलच्या टाकीला वळसा घालून. एक सळी डावीची, एक उजवीची. दोन्ही नळ्यांची लांबी सारखी हवी, नाहीतर आवाज एका सुरात येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. पुढे एका इंग्रजी पुस्तकात मी नेमकं तेच वाचलं, तेव्हा ग्रंथालयाच्या टेबलावर माझी मूठ आपटली आणि दोन वाचक उठून दुसरीकडे बसले.

खरी अडचण रेतीची निघाली. नळी वाकवायची तर ती आधी रेतीने ठासून भरावी लागते आणि दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकावं लागतं. म्हणजे लाल करून वाकवली तरी ती चपटत नाही. पण रेती ठणठणीत कोरडी हवी. ओल राहिली तर आत वाफ धरते आणि बूच गोळीसारखं सुटतं. पडवीच्या एका वाशावर तशी खूण होती. नदीची रेती पाण्याखाली, अंगणातली भिजलेली. साऱ्या गावात कोरडी रेती एकाच ठिकाणी होती: आईच्या कढईत.

“नाय मिळणार,” आई म्हणाली.

“दोन दिवसांचा तर प्रश्न हाय.”

“ती रेती तुमच्या आईच्या हातची हाय. इतकी वर्सं भाजून भाजून अशी झाली. तिच्यात चणा टाकला की फुलासारखा उमलतो. ती मी मोटारीच्या आतड्यात घालू?”

“परत देतो ना.”

“जळकी देणार.”

“अगो, दोन दिवस फुटाणे नाय मिळाले तर लोक मरत नाय.”

“आणि दोन नळकांडी नाय मिळाली तर तो साहेब मरतो काय?”

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. शेवटी आईने रेती दिली, पण रागाने दिली, म्हणजे कढई उचलून बाबांच्या पायाशी धाडकन ठेवली आणि चाळणी कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. त्या कढईच्या तळाशी नेहमी काही न फुटलेले चणे राहायचे. आई त्यांना ‘मुके’ म्हणायची आणि रोज संध्याकाळी चाळून काढायची. बाबांना चाळणी मागायची हिंमत झाली नाही. त्यांनी रेती तशीच नळ्यांत भरली.

पुढचे काही दिवस पडवीत फक्त एकच भट्टी पेटली. मी भाता ओढत होते, बाबा लाल झालेल्या नळीला सळीच्या मापाने वळण देत होते आणि आई भिंतीला टेकून आपल्या रेतीचं काय चाललंय ते बघत होती. उजवी नळी पहिल्याच फटक्यात बरोबर आली. डावीचं ॲक्सलवरचं वळण दोन बोटं चुकलं, आणि ते डबा जोडून झाल्यावर लक्षात आलं. मग डब्यासकट पुन्हा रेती भरली, पुन्हा लाल केली, पुन्हा वाकवली. रिकामी करताना बाबांनी डबा इतका हलवला की त्यांचा खांदा दुखायला लागला. रेती आली. ती काळसर झाली होती आणि तिला लोखंडाचा वास येत होता. आईने ती चिमटीत घेऊन बघितली आणि म्हणाली, “मेली.”

गाडी चालू झाली ती दुपार मला अजून ऐकू येते. एरवी मला मोटारींचं कौतुक नाही. चार चाकांवर बसलेल्या माणसाला जो मोठेपणा चढतो तो मी पुष्कळ पाहिला आहे. पण त्या दोन नळ्यांतून निघालेला आवाज दोन भजनी एकाच सुरात, एक किंचित मागे राहून गायल्यासारखा होता. नाक्यावरचा चहावाला ओतता ओतता थांबला. पांडू आपल्या टेम्पोचं नळकांडं बघून आला. साहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी बाबांचे काजळीने माखलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. “बाळाराम,” ते म्हणाले, “तू कलाकार आहेस.” हे सगळ्या नाक्यासमोर म्हणाले. मजुरीही ठरल्याप्रमाणे हातात दिली. ती तक्रार नाही.

इंजिन मंद केलं तेव्हा डाव्या डब्यातून बारीक खुळखुळ ऐकू आली. बाबांनी मान कलती केली. “मुके राहिले वाटतं आत. बोल्ट काढतो साहेब, दोन मिंटं.”

“काही नको,” साहेब म्हणाले. त्यांना निघायची घाई होती. “जुन्या गाडीला असा स्वतःचा आवाज असतोच.”

बाबांनी नंतर तीन महिने ती गाडी नाक्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. फुशारकी हा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यामुळे त्यांना ती प्रमाणात मारता येत नव्हती. त्यांनी चुकलेल्या वळणासकट सगळं सांगितलं, भाताची पोती सांगितली, रेती सांगितली. घाटातून येणारे ट्रकवाले थांबून ऐकत. आई नवी रेती आणून भाजत बसली होती, तिचे फुटाणे अजून नीट उमलत नव्हते आणि ते विकताना ती गिऱ्हाइकाला सांगायची, “आमच्या मालकांनी गाडी केली ना, म्हणून.” मला त्यात थोडा अभिमानही ऐकू यायचा.

पुढचा भाग लिहिताना मला आजही राग येतो, आणि तो आवरायचा मी प्रयत्न करणार नाही. मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात होते. येताना एक साप्ताहिक घेऊन यायचे आणि दुकानात बसलेल्या लोकांना वाचून दाखवायचे, कारण तेवढा मोठा आवाज घरात माझाच होता. एके दिवशी पहिल्याच पानावर त्या हिरव्या गाडीचा मागून काढलेला फोटो होता. मी आनंदाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शहापूरला येत्या रविवारी जुन्या मोटारींचं प्रदर्शन आणि स्पर्धा. मूळ स्वरूपातील गाड्यांच्या गटात आपल्या परिसरातील सुप्रसिद्ध उद्योजकांची दुर्मीळ गाडी. कारखान्याने दुहेरी नळ्यांच्या अशा मोजक्याच गाड्या बनवल्या होत्या. मालकांनी त्या मूळ नळ्या अथक प्रयत्नांनी थेट इंग्लंडहून मिळवल्या.

इंग्लंडहून. मी तो शब्द उच्चारला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय वाचलं. दुकानात सात-आठ माणसं होती. बाबा हातातला पाना पुसत होते, ते पुसतच राहिले.

“काय रे बाळाराम,” पांडू म्हणाला, “इंग्लंडची एसटी टोकावड्याला कधीपासून थांबते?”

सगळे हसले. त्या दिवसापासून बाबांचं नाव ‘लंडनवाले’ पडलं. “लंडनवाले, चहा घेणार काय?” “लंडनवाले, राणी बरी हाय ना?” वाईट माणसं नव्हती ती. पण पेपरात छापलेलं खोटं कसं असेल, आणि असलंच तर छापणारा साहेब खोटा की नाक्यावरचा सायलेन्सरवाला, याचा निकाल त्यांनी एका क्षणात लावला. हा निकाल आपल्याकडे नेहमी इतक्याच वेगाने लागतो. बाबांच्या धंद्यात त्यांच्या बोलण्याला फार किंमत होती. ‘डबा चार पावसाळे टिकेल’ म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलवायचं. आता एक जुनं गिऱ्हाईक त्यांच्यासमोर डबा उलटापालटा करून बघत म्हणालं, “चार ना? का हे पण लंडनसारखं?” जेवताना त्यांचा कान रस्त्याला लागेनासा झाला. दूधवाला गेला, त्यांनी ओळखला नाही. आईने ते बघितलं.

“रविवारी शहापूरला जायचं,” ती म्हणाली.

“कशाला?”

“माझ्या रेतीच्या तेराव्याला.”

बाबा नको नको म्हणाले, पण रविवारी सकाळी त्यांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला. किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा त्यांच्या पँटच्या खिशातलं काहीतरी मला टोचलं. पाना होता. आईच्या मांडीवर फुटाण्यांची टोपली होती.

शहापूरच्या मैदानावर मांडव घातला होता, कमान उभी केली होती आणि कमानीवर ‘वारसा’ असा शब्द झेंडूच्या फुलांनी लिहिला होता. तेव्हापासून मला तो शब्द फुलांशिवाय वाचताच येत नाही. छातीवर रंगीत फिती लावलेले स्वयंसेवक इकडून तिकडे जात होते. कोणाच्या फितीचा रंग कोणता यावर त्यांच्यात काहीतरी मोठा वाद चालू होता. फाटकावरच्या एकाने बाबांना आणि मला पास विचारला. पास नव्हता. मग त्याची नजर टोपलीवर गेली. “फुटाणेवाले ना? स्टॉल मागच्या बाजूला,” तो म्हणाला आणि बाजूला झाला. ज्यांनी ती गाडी घडवली त्यांना वारशाच्या कमानीखालून फुटाणेवाल्यांचे सोबती म्हणून आत जावं लागलं. आईला यात काही गैर वाटलं नाही. जाता जाता तिने त्या फितवाल्याला दोन पुड्या विकल्या.

हिरवी गाडी दोरीच्या आत उभी होती. पुढे पाटी होती आणि पाटीवर पुन्हा इंग्लंड. तीन परीक्षक तिच्याभोवती फिरत होते. त्यांच्यातला मुख्य एक निवृत्त फौजी अधिकारी होता, ताठ, पांढऱ्या मिशांचा, हातात पुठ्ठ्यावर लावलेले तपासणीचे कागद. साहेबांनी आम्हाला बघितलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला आणि लगेच हसरा झाला.

“अरे बाळाराम! तू इकडे कसा? गाडीला हात नको लावूस हां.” मग परीक्षकांना म्हणाले, “आमच्या फार्मवर असतो.”

बाबा त्यांच्या फार्मवर कधीही नव्हते. त्यांनी आयुष्यात कुणाचीही चाकरी केली नव्हती. माझ्या तोंडून काहीतरी बाहेर पडणार होतं, पण बाबाच बोलले. अगदी हळू. “साहेब, हे पाइप मी केले.”

“त्याने बसवायला मदत केली होती,” साहेब परीक्षकांना म्हणाले.

फौजी अधिकाऱ्याने बाबांकडे बघितलं, मग साहेबांकडे. “आत काहीतरी वाजतंय,” तो म्हणाला. “मघाशी इंजिन चालू केलं तेव्हा ऐकलं.”

“मूळ डब्यांना ते असतं,” साहेब म्हणाले. “कारखान्याचीच खूण म्हणा ना.”

“आणि खालचा तो बोल्ट?”

“तोही कारखान्याचा.”

आईने टोपली खाली ठेवली आणि दोरीखालून वाकून आत गेली. “साहेब,” ती फौजी अधिकाऱ्याला म्हणाली, “तो बोल्ट काढला तर आतून काय पडंल, ते ह्यांना विचारा.”

साहेब हसले. “काय पडणार? काजळी.”

“रेती पडंल,” आई म्हणाली. “आणि चणे.”

भोवतीची गर्दी वाढली होती. चणे हा शब्द मागे मागे पसरत गेला. फौजी अधिकाऱ्याने खिशातून घडी केलेला पांढरा रुमाल काढला आणि बाबांना म्हणाला, “पाना आहे?”

बाबा ठेवणीतल्या शर्टासकट गवतात पाठीवर आडवे झाले आणि गाडीखाली गेले. साहेब म्हणत होते की हे नियमाला धरून नाही, गाडीला धक्का लागेल, आपण समितीकडे जाऊ. बोल्ट सुटल्याचा आवाज आला. रुमालावर आधी चमचाभर काळसर रेती पडली, बारीक, सारखी, वर्षानुवर्षं भाजलेली. मग टप्प करून एक काळा गोळा पडला. मग दुसरा. मग बाबांनी डब्याला मुठीने एक ठोसा दिला आणि तिसरा पडला. पुढे मी वाचलं की जळून कोळसा झालेलं धान्य हजारो वर्षं टिकतं आणि त्यावरून संशोधक बुडालेल्या संस्कृती ओळखतात. इथे तीन महिन्यांत ओळख पटली.

आईने एक चणा उचलला, दाताखाली फोडला आणि थुंकून टाकला. “करपला,” ती म्हणाली. दुसरा तिने साहेबांपुढे धरला. “घ्या, इंग्लंडचा हाय.”

मागे कोणीतरी शिट्टी मारली. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. बाबा गाडीखालून बाहेर आले तेव्हा ते हळू आवाजात त्यांना म्हणाले, “बाळाराम, तुला काही हवं होतं तर मला सांगायचं होतंस.”

बाबा शर्टाच्या पाठीला लागलेलं गवत झटकत होते. “मला काय नको होतं साहेब,” ते म्हणाले. “तुमी खोटं बोललात आणि गावात मी खोटा पडलो. तेवढंच.”

परीक्षक बाजूला जाऊन बोलले. फौजी अधिकारी परत आला तेव्हा त्याने बाबांचं नाव आणि गाव विचारून लिहून घेतलं आणि बाबांशी हस्तांदोलन केलं. आईचं त्याने समाधान होईना. “तोंडानं नको,” ती म्हणाली. “आमच्या नाक्यावर तोंडाचं कोणी मानत नाय. लिवून द्या.” तो माणूस थोडा गोंधळला. मग त्याने पुठ्ठ्यावरच्या तपासणीच्या कागदाची दुसरी प्रत काढली, तिघांच्या सह्या घेतल्या आणि ती माझ्या हातात दिली. त्या सगळ्या मैदानात सरळ वागलेला तेवढा एकच माणूस मी पाहिला. फीत त्याच्याही छातीवर होती, पण तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

बक्षीस समारंभ संध्याकाळी होता. आमची एसटी त्याआधीची होती, म्हणून आम्ही निघालो. किन्हवली मागे पडल्यावर आई म्हणाली, “सुमे, काय लिवलंय ते वाच गो.” कागद इंग्रजीत होता. मी मराठी करून वाचलं: या गाडीच्या दुहेरी नळ्या आणि दोन्ही सायलेन्सर तपासणीत टोकावडे येथील बाळाराम यांनी बनवलेले आढळले. काम उत्कृष्ट. मी ते पुन्हा वाचलं, कारण बाबांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग ते खिडकीबाहेर बघत बसले. मुरबाडकडून एक ट्रक येत होता. तो दिसायच्या आधी बाबा म्हणाले, “डबा फुटलाय त्याचा.”

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला जाताना तो कागद मुरबाडला नेला आणि लॅमिनेशन करून आणला. बाबांनी तो दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीखाली लावला. पांडूने माझ्याकडून तो तीनदा वाचून घेतला, सह्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “मंग पयल्यापासून तेच तर सांगत होता हा.” ‘लंडनवाले’ तिथेच संपलं. बाबा गेले त्या वर्षापर्यंत कागद त्याच भिंतीवर होता. नाक्यावर इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मीच वाचून दाखवायचे, लग्नानंतर माहेरी आले की तेव्हाही, आणि प्रत्येक वेळी त्यातला शब्द न् शब्द वाचायचे.

लॅमिनेशनला देण्याआधी त्याची वरची ओळ मी कात्रीने कापली होती. तिच्यात गाडीचा निकाल एकाच इंग्रजी शब्दात होता. मराठीत: अपात्र.